गणपूर्ती

मोटरहोम मालक संघाची वार्षिक सभा वाहनतळाच्या कोपऱ्यात, घडीच्या खुर्च्यांवर भरली होती. डिझेल महागल्यापासून संघाच्या सहलीही तिथेच होत. अप्पांची ओटा-पलंगासकटची गाडी आता विकायची आहे, एवढंच सांगायला मृणाल आली होती.

“आधी तुझ्या अप्पांच्या दुखवट्याचा ठराव,” म्हणत अध्यक्ष सबनीसकाका उठले. सचिव खाकरले.

“ठराव घेता येणार नाही. गणपूर्तीला पाच सभासद लागतात, आपण चारच आहोत.”

“पाचवा कुठाय?”

“त्याच्याच दुखवट्याला तर उभे राहिलात!”

सगळ्यांनी मृणालकडे पाहिलं. “गाडी आता तुझीच ना? मग आज हो की सभासद! उद्या खुशाल वीक.”

अप्पांसाठी म्हणून ती हो म्हणाली. नियमाप्रमाणे आधी नव्या सभासदाच्या स्वागताच्या टाळ्या झाल्या, मग दोन मिनिटं शांतता.

पुढचा विषय वर्गणीवाढीचा. वर्गणी वाढली की माणसं गळतात आणि माणसं गळली की तुम्ही वर्गणी वाढवता, असं दरवर्षी ओरडून सांगायचे ते एकटे अप्पाच.

“कुणाचा विरोध?” सबनीसकाकांनी सवयीने विचारलं, आणि सवयीनेच कडेच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मृणाल उठली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली.

“माझा.”

“झालं! म्हणजे गाडी काही विकली जात नाही,” सचिव पुटपुटले, आणि लगबगीने तिच्यासाठी चहा ओतू लागले.