रविवारची हजेरी

चाकणच्या आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. वेल्डर नौशादभाईंची सुपरवायझरसाठीची परीक्षा नेमकी रविवारी आली.

"सर, तेवढा रविवार सोडा. गुरुवारी येऊन भरून काढतो," ते ट्रेनिंग मॅनेजर सुजितसरांना म्हणाले. हे सुजितसर वेल्डिंग शिकले ते नौशादभाईंकडूनच.

"नौशादभाई, हातात कला आहे, मग कागद कशाला हवा?" सर हसले. "आणि या रविवारी हजेरी सक्तीची आहे. माझं व्याख्यान आहे."

रविवारी अकरा वाजता तिकडे परीक्षा सुरू झाली. इकडे मशीन बंद करून सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं, नौशादभाईंना पहिल्या रांगेत.



पडद्यावर व्याख्यानाचा विषय झळकला: 'शिकणाऱ्याला कोणीच अडवू शकत नाही.'