स्वस्तातली सीडी

बंद होणाऱ्या दुकानातल्या स्वस्त सीडींच्या खोक्यातून शर्वाणीने एका अनोळखी बँडची सीडी उचलली, ती नुसत्या कव्हरवरच्या पिवळ्या स्कूटरसाठी.

गाडीत मागच्या सीटवर रेवा खिडकीबाहेर बघत बसली होती. बाबांनी दुसरं लग्न केल्यापासून ती या नव्या आईशी कामापुरतंही बोलत नसे. शर्वाणीने सीडी लावली. गिटार, ड्रम आणि ऐकताक्षणी तोंडात बसणारं ध्रुवपद. दुसऱ्यांदा ते आलं तशी शर्वाणी मोठ्याने गाऊ लागली, इंग्रजी शब्दांची पार वाट लावत.

"असं नाहीये ते," मागून रेवा म्हणाली आणि तिने ओळ नीट म्हणून दाखवली.

"पुन्हा सांग बरं."

रेवाने पुन्हा सांगितली.

शर्वाणीला ओळ आता पाठ झाली होती. तरी ध्रुवपद पुन्हा आलं तेव्हा ती मुद्दाम चुकली.