ताऱ्यांमधल्या ढगाचा वास

भिंगरीनं बाटलीचं बूच उघडलं आणि अत्तराचं दुकान रिकामं झालं.

म्हणजे अगदी धूम! लग्नासाठी अत्तर निवडत बसलेली नवरी बहिणीला ढकलून पळाली, तिच्यामागे बहीण, आणि सगळ्यांच्या पुढे भिंगरीची आत्या. एरवी गुडघ्यांच्या नावानं दुकानातल्या खुर्चीतून न हलणारी आत्या थेट रस्त्यापलीकडे जाऊन थांबली आणि तिथून ओरडली, "अगं कार्टे, काय मेलंय त्यात?"

"काही मेलेलं नाही, आत्या! ताऱ्यांच्या मधला ढग आहे!"

आत्याचा एक गुण मात्र मानायला हवा. तिच्या पोटात काही राहत नाही. सगळं तोंडावर छापून येतं. आत्ताही आलं होतं, ठळक अक्षरांत.

दुकानात उरले बाबा आणि भिंगरी. भिंगरीनं पोहण्याचा चष्मा चढवला होता, नाकाला कपड्यांचा चिमटा लावला होता आणि वरून मफलर गुंडाळला होता. तोंड म्हणून काही दिसतच नव्हतं.

पैज कालच लागली होती. ताऱ्यांमधल्या ढगांचं रसायनशास्त्र शिकायला भिंगरीला दूरच्या शहरात जायचं होतं आणि बाबांना तिला दुकानातून हलू द्यायचं नव्हतं. बाबा म्हणजे काही साधेसुधे अत्तरवाले नव्हेत. अख्खं गाव त्यांना नाकराव म्हणायचं. कुठलीही बाटली समोर धरा, आत काय काय आहे ते घडाघडा सांगणार. फक्त एक खोड होती. प्रत्येक बाटली आधी भिंगरीपुढे धरायची. "आधी तू हुंग, मग मी बघतो." ती हुंगायची, बाबा तिच्याकडे टक लावून बघायचे, मग स्वतः हुंगून सांगायचे, "लवंग. आणि थोडी मोसंबीची साल." भिंगरीला वाटायचं, झाली यांची रोजची तोंडी परीक्षा सुरू!

"जिथे नाक पोचत नाही, तिथलं कसलं आलंय शास्त्र?" बाबा काल म्हणाले होते.

"अहो बाबा, त्या ढगातून लहरी येतात. प्रत्येक पदार्थाच्या आपापल्या ठरलेल्या रेघा उमटतात. इथे बसून रेघा वाचायच्या आणि तिथे काय आहे ते सांगायचं!"

"न हुंगता? थापा आहेत सगळ्या."

झालं! भिंगरी इरेला पेटली. "उद्या तो वासच आणते तुमच्यापुढे. ओळखलात तर जन्मभर गल्ल्यावर बसेन. नाही ओळखलात तर मी चालले!"

बाबा मिशीत हसले होते. नाकराव, आणि हरणार?

मग भिंगरीनं शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाईंना मस्का लावला. त्या ढगांमध्ये सडक्या अंड्याचा वायू असतो, तबेल्यात नाकाला झोंबतो तो अमोनिया असतो, आणि रासबेरीसारखं गोड वासाचं एक द्रव्यही असतं. तिथे हे सगळं इतकं विरळ असतं की नाक नेऊनही कुणाला काही कळलं नसतं. पण पैज जिंकायची तर थोडं दाटवायला नको?

आता बाबांनी सवयीनं बाटली तिच्यापुढे धरली. "आधी तू हुंग."

"मी कशाला? मीच बनवलंय!" मफलरच्या आतून आवाज आला.

"निदान तो चष्मा तरी काढ."

"मला काय वेड लागलंय?"

बाबा घुटमळले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग बाटलीत नाक खुपसलं आणि छातीभर श्वास घेतला.

"वा!" ते म्हणाले. "गुलाब. जरा जास्तच पडलाय, म्हणून पळाली ती मंडळी."

बाहेर एक कुत्रं शिंकत शिंकत पळालं.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "तुम्हाला वासच येत नाही?"

"अगं हळू!"

"कधीपासून?"

"तू दुसरीत होतीस. तापातून उठलो, तेव्हापासून नाक जे गेलं ते गेलंच."

"मग रोजची लवंग? मोसंबी?"

बाबा ओशाळले. "लवंग असली की तुझ्या कपाळावर दोन आडव्या रेघा येतात. मोसंबीला नाकाच्या शेंड्यावर बारीक बारीक. गुलाबाला एकही नाही. आज काहीच दिसेना, म्हटलं गुलाब असेल."

भिंगरी उडालीच. "बाबा! हेच ते! हेच तर शास्त्र मी शिकणार आहे! तुम्ही इतकी वर्षं..."

पैज ती जिंकली होती. पण ती गेली, तर बाबा वाचणार कुणाचं तोंड? उद्या कुणी बाटली घेऊन आलं, की सगळ्याच बाटल्यांत गुलाब. मग कसले नाकराव आणि कसलं दुकान! तिचे डोळे भरून आले आणि पोहण्याच्या चष्म्यात आतूनच तळं साचायला लागलं.

"मी नाही जात," ती पुटपुटली.

बाबांचं लक्षच नव्हतं. ते रस्त्यापलीकडे बघत होते. तिथे आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या कपाळाला आठ्यांचा चुणीदार पडदा लागला होता. नाक भुवयांना भेटायला निघालं होतं. ओठ वाकडे. आणि मधेच, जरा नवल वाटल्यासारखी, जीभ ओठांवरून फिरून गेली.

बाबांनी डोळे बारीक केले.

"सडकी अंडी," ते हळूच म्हणाले. "मग तबेला. आणि पार मागे कुठेतरी... रासबेरी?"

भिंगरीनं मान डोलावली. चष्मा काठोकाठ भरला होता.

"न हुंगता ओळखलं," बाबा म्हणाले. "म्हणजे थापा नाहीत. बॅग भर तू."

मग त्यांनी बूच घट्ट बसवलं, दारात गेले आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "ताई! उद्यापासून आधी तू हुंगायचंस!"