जळका कोळसा

"लागवडीचं माध्यम या रकान्यात हे काय लिहिलंय तुम्ही?" झाडांच्या प्रदर्शनातल्या परीक्षकांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला.

"जळका कोळसा," बॉयलरवाला म्हणाला.

मुलीनं मान खाली घातली. सकाळपासून ती त्याच्या कानीकपाळी ओरडत होती, 'बाबा, खास मिश्रण लिहा, नाहीतर हसं होईल.' पण तीस वर्षं भट्टीत कोळसा त्यानंच टाकला होता आणि जळून उरलेले खडे त्यानंच ओढून काढले होते. त्यांना दुसरं नाव द्यायला त्याची जीभ रेटेना.

टेबलावर त्याची एकच कुंडी होती. पानांत पाणी साठवणारं निळसर सक्युलंट, चांगलं ताटाएवढं पसरलेलं.

"झाड उत्तम आहे," परीक्षक म्हणाले. "पण ही राख. कचऱ्यात लावलेलं झाड आम्ही स्पर्धेत कसं धरणार?"

"राख नाही साहेब, राख चाळून टाकली. हे हरभऱ्याएवढे खडे, तीन पाण्यांनी धुतलेले. घोटभर पाणी धरतात, बाकीचं सोडून देतात. चिकट मातीत याची मुळं कुजतात."

"अहो, कोळसा उगाळावा तितका काळाच." परीक्षक म्हणाले, तसे शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले.

"उगाळायचा कशाला? त्यात लावायचं."

बॉयलरवाल्यानं कुंडी उचलली. "बाबा, राहू द्या," मुलगी पुटपुटली. त्यानं एका हातानं झाड सांभाळलं आणि कुंडी पांढऱ्या चादरीवर उपडी केली. खडे खडखडत पसरले. मुळं बाहेर आली, पांढरीशुभ्र, केसांसारखी दाट. कित्येक खडे त्यांनी आवळून धरले होते. परीक्षकांनी त्यातला एक ओढून पाहिला. सुटेना.

"आता तर तुम्ही बादच," ते हात झटकत म्हणाले. "कुंडीच राहिली नाही."

"नसू दे." त्यानं झाड उघड्या मुळांनी तसंच चादरीवर ठेवलं. "प्रदर्शन तीन दिवस आहे ना? याला पाणी नको, माती नको. शेजारचा तो गुलाब उपटून याच्याजवळ ठेवा. तिसऱ्या दिवशी मी येतो. दोन्ही बघू."

शेजारच्या टेबलावरचं हसू थांबलं होतं. माणसं जवळ सरकली.

तो सांडलेले खडे गोळा करायला वाकला, तसा मुलीनं त्याचा हात धरला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "लोकांना हातात घेऊन बघू द्या."