बत्तिसावं कॅप्शन

कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सिनेमातले आवाज शब्दांत लिहायचे, हे माझं काम. या वेळी फिल्म काबूलची होती. घरात आई किटलीतून चहा ओततेय, बाहेर स्फोट होताहेत आणि तिचा हात जराही हलत नाही. मी इमानदारीत एकतीस वेळा लिहिलं, ‘दूरवर स्फोट’. संवाद समजावून सांगायला शेजारी जरमीना बसली होती. ती त्याच शहरातून जीव मुठीत घेऊन दिल्लीला आलेली. एकतीस स्फोटांना तिनेही मान वर केली नाही. मग स्फोट थांबले, आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. पडद्यावरच्या आईने किटली टाकली, बाळ उचललं आणि ती पळत सुटली. “गोलाबारी रुकती है, तब बंदूकवाले घरों में घुसते हैं,” जरमीना म्हणाली. “ये लिखो.” मी लिहिलं, ‘अचानक शांतता’. माझं काम तपासणाऱ्या खन्नासाहेबांनी नेमकं तेवढंच खोडलं. “अरे मॅडम, आवाज ही नहीं है, तो कैप्शन किस बात का?” मी दोनदा मेल केली, भांडले, शेवटी हात टेकले. करोल बागच्या हॉलमध्ये फिल्म लागली. किटली पडली, आई पळाली, आणि शंभरेक कर्णबधिर प्रेक्षक एकमेकांकडे वळले. पडद्याच्या उजेडात सगळ्यांचे हात एकच विचारत होते, आत्ताच का पळाली ही? मागून खन्नासाहेब खूश होऊन कुजबुजले, “देखा? कितनी शांति से देख रहे हैं!”