रक्ताजीराव, भाग पाचवा

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता तपासणी अधिकारी पंजाबरावांनी तानाबाईच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. अकराव्या पानावरचा धडा तिने न अडखळता वाचला होता. पुस्तक मात्र तिने उलटं धरलं होतं.

"पाठ केलंय," ते म्हणाले.

बाजाराच्या धाड गावापासून चार मैलांवरच्या या गावात साक्षरतेच्या वर्गाला एकतीस मोठी माणसं होती. तीस पास झाली होती. तानाबाईचं नाव यादीत शेवटचं. ती पास झाली तरच रविवारी गाव पूर्ण साक्षर म्हणून जाहीर व्हायचं होतं. सरपंच उकंडरावांनी मांडवाचे बांबू शाळेच्या भिंतीला आणून लावले होते. ते एकदा बांबूंकडे बघत, एकदा तानाबाईकडे.

"पाठ नाही साहेब," तानाबाई म्हणाली. "मले वाचता येते."

"उलट्या पुस्तकातून?"

"मी त्या अंगाले बसत होती."

पंजाबरावांनी वर्ग घेणाऱ्या दयाराम गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींना खुलासा करावा लागला. एकतीस माणसं, सात पुस्तकं आणि दोन कंदील. पुस्तक मधे ठेवायचं आणि चौघापाचांनी भोवती बसायचं. तानाबाई सहा महिने पुस्तकाच्या वरच्या अंगाला बसली. तिच्यासारखे आणखी तिघं होते, पण त्यांनी घरी पोरांची पुस्तकं घेऊन अक्षरं सुलटी करून घेतली. तानाबाईच्या घरात शाळेत जाणारं कोणी नव्हतं.

"सुलटं का उलटं, असं काही कागदात लिहेल नाही साहेब," उकंडराव म्हणाले.

"वाचता येणे, असं लिहिलेलं आहे. पोपट पास करता येत नाही मला. हिने कधी न पाहिलेलं काही छापील द्या."

तानाबाईने खाली पाहिलं. पोपट हा शब्द तिला लागला होता.

शाळेच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक बुलढाण्याला. मग मागून वर्गातलीच सोजराबाई म्हणाली, "गुरुजीच्या थैलीत हाये नं. रक्ताजीराव."

गुरुजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती.

"काल एसटीनं आला नं पाचवा भाग," सोजराबाई म्हणाली. "दाखवा की."

पुस्तक बाहेर आलं. मुखपृष्ठावर फेटा बांधलेला एक सरदार, ओठांबाहेर दोन सुळे, हातात मोगऱ्याचा गजरा.

"हे वाचून दाखवता लोकांना?"

"धड्याला कोणी थांबत नव्हतं साहेब," गुरुजी म्हणाले. "धडा झाला की याची दोन पानं वाचतो. तेव्हापासून गैरहजेरी नाही."

पंजाबरावांनी तानाबाईला विचारलं, "रक्त पिणाऱ्या भुतावर विश्वास ठेवता, बाई?"

"धम्म घेतला तवाच भुतं सोडली साहेब. हे नुसतं वाचतो."

नव्या पुस्तकाची पानं अजून जोडलेली होती. म्हणजे ती कोणी पाहिली नव्हती. पंजाबरावांनी स्वतः ब्लेडने ती कापली, मधलं एक पान उघडलं आणि तानाबाईच्या हातात दिलं. तिने पुस्तक फिरवलं, खालची बाजू वर केली आणि आता तळाला आलेल्या पहिल्या ओळीच्या उजवीकडच्या टोकाला बोट ठेवलं.

पहिल्या ओळीला फार वेळ लागला. बोट पुढे सरकायचं, थांबायचं, मागे यायचं. कपाळावर घाम आला. उकंडराव ओठ हलवून मदत करू लागले, तसे पंजाबरावांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

"चंद्रकले... गेल्या... तीनशे वर्षांत... मी स्वतःला... आरशात... पाहिलेलं नाही."

बोट दुसऱ्या ओळीवर आलं. तानाबाई तिथे मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहिली आणि एकदम हसली. पदर तोंडाला लावूनही तिला हसू आवरेना. बायका तिच्याकडे बघत राहिल्या. कशाला हसते, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"काय झालं वं?" सोजराबाईने विचारलं.

"थांब. वाचते. चंद्रकला म्हणाली... बरंच झालं. बसा खाली... मी भांग... पाडून देते."

मग बायका हसल्या. पंजाबराव हसले नाहीत. त्यांनी पुस्तक घेतलं, ती ओळ स्वतः वाचली आणि पुस्तक सुलटं करून तिच्यापुढे धरलं.

"आता असं वाचा."

तानाबाईने बराच वेळ पाहिलं. "नाही येत," ती म्हणाली. "माह्या अंगानं धरा, सारं वाचते."

पंजाबरावांनी यादी उघडली. तिच्यात पास आणि नापास असे दोनच रकाने होते. पेन उघडून ते दोन्हींकडे पाहत राहिले, मग त्यांनी टोपण लावलं. निकाल नंतर कळवतो म्हणाले. पुस्तक पुरावा म्हणून सोबत घेतलं. जीपमध्ये बसताना त्यांनी तानाबाईला जवळ बोलावून विचारलं, "चौथ्या भागाच्या शेवटी काय होतं?"

"चंद्रकलेचा बाप लसणाचा अडत्या निंगाला," तिने सांगितलं.

शनिवारी दिवेलागणीपर्यंत निकाल आला नव्हता, पुस्तकही नाही. मांडव अर्धा उभा होता. त्या दिवशी धाडला साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर कचरू सोजराबाईला भेटला होता. त्याने सांगितलं ते एवढंच, की साहेब डाकबंगल्याच्या ओसरीत ते पुस्तक घेऊन बसले होते. उलटं धरून. बोट ठेवून एकेक अक्षर लावत होते, आणि तो चहा घेऊन गेला तेव्हा पहिल्याच पानावर होते.