मुकी बोलली

खेळ घेऊन, गोष्टी सांगून, कोडी घालून बाईंनी अख्खा वर्ग बोलता केला. मागच्या बाकावरची एक पोर तेवढी हूं की चूं करत नव्हती. वर्ग तिला 'मुकी' म्हणून चिडवायचा. पालकसभेत बाईंनी हे तिच्या वडिलांच्या कानावर घातलं आणि घाईनं म्हणाल्या, "पण मारू नका हं तिला."

"छे हो बाई! पोरीला बोटसुद्धा लावत नाही मी."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्रश्नाला मुकीचा हात वर. चुकली तरी थांबेना. बाईंनी कौतुकानं टाळ्या वाजवायला लावल्या.

शाळा सुटल्यावर फाटकाशी तिची आई उभी होती. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, गळ्यावर बोटांचे वळ.

मुकीनं बाईंचा हात धरला. "बाई, आज मी खूप बोलले ना? मग पप्पांना सांगा, आता आईला मारू नका म्हणावं."